रेडिओ फोरचा रविवार : कुठून शिरायचं आणि काय सोडायचं

बीबीसी रेडिओ फोरवर दिवसभर माणसं बोलत असतात. बातम्या, मुलाखती, श्रुतिका, भाषणं, प्रश्नोत्तरं. गाणं लागलंच तर मुलाखतीच्या अधेमधे, तेही अर्धंमुर्धं. ३० सप्टेंबर १९६७ रोजी जुन्या ‘होम सर्व्हिस’च्या जागी हे केंद्र आलं, पण त्याच्या रविवारातले काही कार्यक्रम त्याहून कितीतरी जुने आहेत. कुणी इंग्रजी ऐकायचा सराव म्हणून तिकडे वळतं, कुणी ब्रिटनमध्ये नव्याने राहायला गेल्यावर तिथली माणसं कळावीत म्हणून, तर कुणी निव्वळ बोलक्या रेडिओच्या हौसेपोटी. आणि बरेच जण पहिल्याच रविवारी परत फिरतात. सकाळी लावला, तासभर काही उमगलं नाही, बंद केला.

दर वेळी इंग्रजी कच्चं असतं म्हणून असं होतं असं नाही. बहुतेकदा चुकीच्या दाराने आत शिरलेलं असतं. रविवारची पुरवणी आपण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कधी वाचतो? इथेही तसंच करायचं. एका रविवारी तीनच कार्यक्रम बूड टेकवून ऐकायचे, बाकी वेळ रेडिओ घरात नुसता चालू ठेवायचा. ते तीन कुठले आणि त्यांत कान नेमका कुठे द्यायचा, ते पुढे येईलच.

रेडिओ लावण्याआधी

ब्रिटनमध्ये असाल तर काम सोपं आहे. एफएमवर ९२ ते ९६च्या पट्ट्यात काटा फिरवला की केंद्र सापडतं, गावागणिक आकडा थोडा बदलतो. डिजिटल रेडिओवर नावानेच निवडता येतं आणि फोनसाठी ‘बीबीसी साउंड्स’ हे ॲप आहे. नव्याने गेलेल्यांना एक शंका हमखास पडते, ती लायसन्सची. एप्रिल २०२५मध्ये वर्षाला १७४.५० पौंडांवर गेलेली ती फी टीव्हीवर, फोनवर किंवा लॅपटॉपवर थेट वाहिन्या बघण्यासाठी आणि बीबीसीच्या आयप्लेअरसाठी आहे. नुसत्या रेडिओला लायसन्स लागत नाही. रेडिओचं वेगळं लायसन्स १९७१मध्येच रद्द झालं. त्यामुळे भाड्याच्या खोलीत फक्त रेडिओ वाजत असेल तर निर्धास्त राहा.

भारतातून ऐकणाऱ्यांनी एक बदल लक्षात ठेवायला हवा. जुलै २०२५मध्ये साउंड्स हे ॲप ब्रिटनबाहेरच्या श्रोत्यांसाठी बंद झालं. आता बीबीसीच्या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर किंवा ‘बीबीसी’ याच नावाच्या ॲपमध्ये रेडिओ फोर थेट ऐकता येतं. जुन्या लेखांत अजूनही साउंड्सच सुचवलेलं दिसतं, त्याच्या नादी लागू नका. ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’, ‘द आर्चर्स’, ‘मोअर ऑर लेस’ असे कार्यक्रम पॉडकास्टच्या इतर ॲपवरही मिळतात.

इंटरनेटवरून ऐकताना आवाज काही सेकंद, कधी त्याहूनही जास्त, मागे असतो. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण तासाच्या ठोक्याला लागणाऱ्या ‘पिप्स’वर घड्याळ लावायला गेलात तर फसाल. हे सहा टिकटिक आवाज ५ फेब्रुवारी १९२४पासून लागतात. पाच आखूड, सहावा लांब, आणि त्या सहाव्याच्या सुरुवातीला तास भरतो. एफएमवर ते चोख असतात. घरात एफएम आणि फोन दोन्हींवर एकदम केंद्र लावून बघा, फोनवरचे पिप्स रेंगाळत मागून येतात.

घड्याळाचा गोंधळ आधी मिटवा

लंडनची वेळ हिवाळ्यात भारतापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे तिथले सकाळचे नऊ इथे उन्हाळ्यात दुपारचे दीड असतात, हिवाळ्यात अडीच. हा बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे होतो. नेमका रविवारीच! त्यामुळे वर्षातले दोन रविवार हातचे हमखास जातात. मार्चमध्ये भारतातला श्रोता सवयीने बसतो तेव्हा कार्यक्रम संपत आलेला असतो, ऑक्टोबरमध्ये तासभर आधी येऊन तिष्ठत बसावं लागतं. फोनच्या घड्याळात लंडन हे शहर एकदा घालून ठेवा आणि पाठांतराच्या भानगडीत पडू नका.

पुढे दिलेल्या सगळ्या वेळा लंडनच्या आहेत. त्या अधूनमधून पाच-दहा मिनिटांनी, कधी तासानेही सरकतात. शनिवारी रात्री केंद्राच्या वेळापत्रकावर एक नजर टाकली की पुरे.

भारतातल्या श्रोत्याला या फरकाचा फायदाच होतो. ब्रिटनमधली पहाट आपल्याकडे सकाळी दहा-अकराला उजाडते आणि तिथली सकाळ आपल्या दुपारच्या जेवणानंतरच्या निवांत वेळेत येऊन पडते. वाईट एवढंच, की रात्री दहाच्या राजकारणासाठी आपल्याला सोमवारी पहाटे अडीच-साडेतीनपर्यंत जागावं लागेल. ते कुणी करू नये.

पहाट : चालू ठेवा, अडकू नका

पावणेसहाच्या सुमाराला ‘बेल्स ऑन संडे’ लागतो. दर आठवड्याला एका वेगळ्या चर्चच्या घंटा, जेमतेम दोन-तीन मिनिटं. यात चाल शोधू नका. इंग्लंडमधल्या घंटावादनात सूर नसतात, गणित असतं. घंटा ठरावीक क्रमाने वाजतात आणि प्रत्येक फेरीला तो क्रम बदलतो. सहा घंटांचे ७२० वेगवेगळे क्रम होतात, सातांचे ५,०४०. ते सगळे वाजवायचे तर तीन तासांच्या आसपास वेळ लागतो. हे एकदा माहीत झालं की दोन मिनिटांत कान लगेच पकडतो की आत्ता कुठल्या दोन घंटांनी जागा बदलली.

त्यानंतर शेतीचा कार्यक्रम, मग धर्मविषयक घडामोडींचा ‘संडे’, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी ‘संडे वर्शिप’, म्हणजे बऱ्याचदा एखाद्या चर्चमधून थेट प्रार्थनासभा. ज्यांना या विषयांत रस आहे त्यांनी जरूर ऐकावं, इतरांनी स्वयंपाकघरात मागे चालू ठेवावं. रविवारला ही धार्मिक किनार का, याला इतिहास आहे. बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ हे स्कॉटलंडमधल्या धर्मोपदेशकाचे चिरंजीव. त्यांच्या काळात रविवारचं प्रसारण इतकं सोवळ्यातलं असे की १९३०च्या दशकात असंख्य इंग्रज श्रोते रविवारी सरळ जाहिराती वाजवणाऱ्या रेडिओ लक्झेम्बर्गकडे वळले. आता ते सोवळं उरलेलं नाही, पण सकाळच्या वेळापत्रकाचा सांगाडा बराचसा तोच आहे.

या सगळ्यात एक तीन मिनिटांचा तुकडा मात्र सराव करणाऱ्याने अजिबात सोडू नये. आठच्या बातम्यांच्या जरा आधी ‘रेडिओ फोर अपील’ लागतं. दर रविवारी एका सेवाभावी संस्थेसाठी एखादी परिचित व्यक्ती श्रोत्यांना मदतीचं आवाहन करते. ही प्रथा १९२६पासूनची आहे. इथलं इंग्रजी मुद्दाम सगळ्यांना कळेल असंच लिहिलेलं असतं: एक माणूस, त्याची एक अडचण, संस्थेने काय केलं, तुम्ही काय करू शकता. एकच आवाज, मागे संगीताचा गलबला नाही. ज्याला वाटतं की रेडिओवरचं इंग्रजी आपल्याला झेपत नाही, त्याने ओळीने चार रविवार फक्त हे ऐकावं आणि मग ठरवावं.

पहिला मुक्काम : दहा मिनिटांचं भाषण

पावणेनऊच्या सुमाराला ‘अ पॉइंट ऑफ व्ह्यू’ येतं. एक लेखक, एक विषय, दहा मिनिटं. मध्ये प्रश्न विचारणारा कुणी नाही. याच जागी पूर्वी ॲलिस्टेर कुक यांचं ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ असे. मार्च १९४६मध्ये सुरू झालेलं ते साप्ताहिक पत्र फेब्रुवारी २००४पर्यंत चाललं, तब्बल ५८ वर्षं आणि २,८६९ भाग. शेवटच्या भागानंतर पाच-सहा आठवड्यांतच, वयाच्या ९५व्या वर्षी ते गेले.

हे भाषण दोनदा ऐकायचं. शुक्रवारी रात्री ते पहिल्यांदा लागतं आणि रविवारचं असतं पुनःप्रसारण, त्यामुळे दोनदा ऐकण्याची सोय केंद्रानेच करून ठेवली आहे. पहिल्या खेपेला वही-पेन काही नको. फक्त एवढंच बघायचं की बोलणारा कुठून सुरू झाला आणि कुठे पोचला. ही भाषणं क्वचितच विषयाला थेट हात घालतात. एखादी आठवण, एखादं जुनं चित्र, बाजारात कानावर पडलेलं एखादं वाक्य, असं काहीतरी आधी येतं आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कळतं की मुद्दा भलताच आहे. ते वळण कुठल्या वाक्यावर आलं, हे दुसऱ्या खेपेला पकडायचं. त्या वाक्याच्या आधी वक्ता किंचित थांबतो किंवा आवाज खाली आणतो. हे एकदा कानात बसलं की पुढची भाषणं पहिल्याच खेपेला उलगडायला लागतात.

सगळीच भाषणं चांगली असतात असं मुळीच नाही. काही जण दहा मिनिटं आपली विद्वत्ता पाजळून जातात. तिसऱ्या मिनिटापर्यंत पकड आली नाही तर खुशाल सोडून द्या.

भाषण संपलं की नऊच्या आधी दीड मिनिटाचा ‘ट्वीट ऑफ द डे’ असतो. इथली ट्वीट म्हणजे खरीखुरी, पक्ष्याची. मे २०१३मध्ये डेव्हिड ॲटनबरो यांच्या आवाजात कोकिळेच्या जातीतल्या कुकू पक्ष्यापासून ही मालिका सुरू झाली. मग नऊ वाजता ‘ब्रॉडकास्टिंग हाउस’: आठवड्याच्या बातम्या, पण कोट काढून ठेवून सांगितलेल्या. सूत्रसंचालक पॅडी ओ’कॉनेल यांची थट्टा समजायला ब्रिटिश राजकारणातली नावं थोडी तरी माहीत हवीत. शेवटी पाहुणे त्या दिवशीची वर्तमानपत्रं चाळतात, तो भाग सोपा आणि मजेचा असतो. पूर्ण तास बसायची गरज नाही, शेवटची वीस मिनिटं ऐकलीत तरी चालेल.

दुसरा मुक्काम : ओसाड बेट

नव्या श्रोत्याने कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं तर उत्तर एकच: ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’. रविवारी सकाळी दहाला.

कल्पना रॉय प्लमली यांची, पहिला भाग २९ जानेवारी १९४२चा. युद्ध चालू होतं आणि ध्वनिमुद्रण बॉम्बची झळ बसलेल्या मेडा व्हेल स्टुडिओत झालं. पाहुणा होता विनोदी नट व्हिक ऑलिव्हर, चर्चिल यांचा जावई. तेव्हापासून नियम जवळपास तेच आहेत. तुम्ही एकट्याने ओसाड बेटावर अडकलात, सोबत आठ ध्वनिमुद्रिका नेता येतील, त्या कोणत्या? शेक्सपिअरचे समग्र ग्रंथ आणि बायबल (किंवा तुमच्या श्रद्धेचा, विचारांचा दुसरा ग्रंथ) तिथे असतीलच. वर आणखी एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू निवडायची. ती वस्तू निर्जीव हवी आणि सुटकेच्या कामी येता कामा नये. म्हणजे होडी चालणार नाही. सध्या हा कार्यक्रम लॉरेन लॅव्हर्न करतात.

नव्या कानाला हा सोपा जातो, कारण त्याचा आराखडा ठरलेला आहे. चार-पाच मिनिटं बोलणं, मग गाण्याचा तुकडा, पुन्हा बोलणं. एखादा भाग समजला नाही तरी गाणं आलं की श्वास घेता येतो आणि पुढचा धागा नव्याने पकडता येतो. शिवाय बोलणं जवळजवळ जन्मापासून क्रमाने पुढे सरकतं, त्यामुळे आपण आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर आहोत हे कायम माहीत असतं.

ऐकताना कागदावर आठ ओळी आखा. प्रत्येक ओळीत गाण्याचं नाव लिहू नका, ते गाणं का निवडलं ते दोन-तीन शब्दांत लिहा: आईचं गाणं, पहिली नोकरी, घटस्फोट, मुलाचा जन्म. पाहुणे संगीताच्या निमित्ताने जे बोलून जातात ते सरळ प्रश्नाला बोलले नसते, आणि ही निवेदनाची युक्ती १९४२पासून अचूक चालत आली आहे. तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर सहसा सगळ्यात कठीण प्रश्न येतो. त्याआधी सूत्रसंचालिकेचा आवाज मऊ होतो. तिथे कान टवकारा. शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो: लाटेने सगळ्या मुद्रिका वाहून न्यायला घेतल्या तर धावत जाऊन कुठली एक वाचवाल? पाहुणा कधी फट्‌दिशी उत्तर देतो, कधी अडखळतो. कागदावरच्या आठ ओळींमधून तुम्ही आधीच अंदाज बांधून ठेवा आणि मग जुळतंय का बघा.

१९५८मध्ये सोप्रानो गायिका एलिझाबेथ श्वार्त्झकॉफ यांनी आठपैकी सात मुद्रिका स्वतःच्याच गायनाच्या निवडल्या होत्या. ही गोष्ट इतकी सांगितली गेली आहे की बरेच जण आठच्या आठ असं सांगतात.

पॉडकास्टमध्ये हक्कांच्या कारणामुळे गाणी कापलेली असतात. मुलाखतीसाठी पॉडकास्ट ठीक, पण पहिला अनुभव थेट प्रसारणातूनच घ्या. तसंच, आवडत्या माणसापासूनच सुरुवात करायचा हट्ट नको. संग्रहात हजारोंनी भाग आहेत. ज्याचं नावही ऐकलेलं नाही अशा एखाद्या शल्यविशारदाचा किंवा दीपगृहं बांधणाऱ्याचा भाग बऱ्याचदा चित्रपटतारकेपेक्षा सरस निघतो.

तिसरा मुक्काम, पण दुसऱ्या महिन्यात : ॲम्ब्रिज

अकरा वाजता ‘द आर्चर्स’ या ॲम्ब्रिज गावातल्या शेतकरी कुटुंबांच्या श्रुतिका-मालिकेचा साप्ताहिक जोडभाग. (२०२४पर्यंत तो दहाला लागायचा आणि बेट नंतर. त्या वर्षी दोघांची अदलाबदल झाली.) हे गाव पहिल्याच रविवारी गाठू नका. भले भले इथेच गळतात.

ही मालिका १ जानेवारी १९५१पासून देशभर सुरू आहे. युद्धानंतर अन्नाची टंचाई होती, शिधावाटप चालू होतं, आणि शेतकऱ्यांपर्यंत नवी तंत्रं गोष्टीतून पोचवावीत हा मूळ हेतू होता. कृषी मंत्रालयाचा त्यात सल्ला असे. गाव ॲम्ब्रिज, परगणा बोर्सेटशर, दोन्ही काल्पनिक. ध्वनिमुद्रण बर्मिंगहॅमला होतं. रविवार ते शुक्रवार रोज जेमतेम तेरा मिनिटांचा भाग, आणि रविवारी सकाळी आठवड्याचे सगळे भाग जोडून सव्वा तास.

अडचण अशी की निवेदक नाही. “आता आपण ब्रुकफिल्डच्या गोठ्यात आहोत” असं कुणी सांगत नाही. ते तुम्हाला आवाजावरून ओळखायचं असतं. दूध काढायच्या यंत्राची घरघर म्हणजे बहुधा ब्रुकफिल्ड, ग्लासांची किणकिण आणि मागे गप्पांचा गलका म्हणजे ‘द बुल’ हा पब. फाटक करकरलं की कुणीतरी शेतात शिरलं. ते फाटक म्हणजे स्टुडिओतलं इस्त्रीचं जुनं टेबल, हे कळल्यावर पुढचे दोन आठवडे दर वेळी हसू येतं, मग पुन्हा फाटकच ऐकू यायला लागतं.

पद्धत अशी ठेवा. कागदावर चार घरं काढा. ब्रुकफिल्ड: डेव्हिड आणि रूथ, त्यांची मुलं पिप, जॉश, बेन, आणि आजी जिल. जिलची भूमिका पॅट्रिशिया ग्रीन यांनी १९५७मध्ये हाती घेतली. ब्रिज फार्म: पॅट आणि टोनी, मुलं हेलन आणि टॉम, सेंद्रिय शेती. ग्रंडी मंडळी: एडी, क्लॅरी, त्यांची मुलं विल आणि एड, पैशाची कायम ओढाताण. आणि ऑल्ड्रिज: ब्रायन, पैसेवाले, जमीनवाले. पहिले तीन आठवडे प्रत्येक प्रसंगात एवढंच ठरवायचं की आपण या चारांपैकी कुठे आहोत. कथानक समजलं नाही तरी चालेल. लेखक प्रसंगाच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांत पात्रांना एकमेकांची नावं घ्यायला लावतात. रेडिओवर दुसरा इलाज नाही. त्या पहिल्या वाक्यांवर डोळ्यांत तेल घालून, म्हणजे कानात, लक्ष ठेवा. नाव तिथे हुकलं की तो प्रसंग हुकला.

आणि गडबड करू नका, कारण इथे काहीच झटपट होत नाही. हेलन आणि तिचा नवरा रॉब यांची गोष्ट अडीच-तीन वर्षं मुरत ठेवली होती. आधी नुसते लहानसे टोमणे, मग कपड्यांवर, गाडी चालवण्यावर, मैत्रिणींवर बंधनं. श्रोत्यांना खटकत होतं, पण बोट ठेवता येत नव्हतं. दरम्यान डिसेंबर २०१५मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये जोडीदारावर असा मानसिक ताबा ठेवणं हा कायद्याने गुन्हा ठरला. एप्रिल २०१६मध्ये हेलनने रॉबला भोसकलं आणि सप्टेंबरमध्ये एका रविवारी खटल्याच्या निकालाचा तासाभराचा खास भाग लागला. चाहत्यांनी या काळात छळ सोसणाऱ्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या ‘रेफ्युज’ संस्थेला लाखाहून जास्त पौंड जमवून दिले. रोज तेरा मिनिटं ऐकून श्रोता हेलनइतकाच हळूहळू त्यात अडकला होता, म्हणून ते शक्य झालं.

दुपार

एक वाजता ‘द वर्ल्ड धिस वीकेंड’, गंभीर बातमीपत्र. दोनला ‘गार्डनर्स क्वेश्चन टाइम’. हा एप्रिल १९४७पासून चालू आहे. पहिला भाग मँचेस्टरजवळच्या ॲश्टन-अंडर-लाइन गावातल्या एका हॉटेलात झाला. गावोगावच्या सभागृहांत श्रोते जमतात, बागेचे प्रश्न विचारतात, तज्ज्ञ उत्तरं देतात. बागकामात रस नसेल तरी एका गोष्टीसाठी हा ऐका: उच्चार. बातम्यांमधलं घोटीव इंग्रजी ऐकून तयार झालेला कान यॉर्कशरच्या आजोबांपुढे किंवा ग्लासगोच्या बाईंपुढे गडबडतो. इथे प्रश्न लहान असतो, विषय ठाऊक असतो (पानं पिवळी पडताहेत, गोगलगायी खाताहेत), आणि सूत्रसंचालक तो बऱ्याचदा पुन्हा सोप्या शब्दांत मांडतो. प्रादेशिक उच्चारांसाठी याहून चांगली फुकट शिकवणी नाही.

तीनच्या सुमाराला श्रुतिका असते, बऱ्याचदा गाजलेल्या कादंबरीचं रूपांतर. ती ऐकायची तर कथासार आधी वाचून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

समुद्राचं हवामान, एकदा समजून

संध्याकाळी सहाच्या बातम्यांआधी आणि मध्यरात्रीनंतर पाऊणच्या सुमाराला ‘शिपिंग फोरकास्ट’ लागतो. रात्रीच्या खेपेआधी रोनाल्ड बिंज यांची ‘सेलिंग बाय’ ही धून वाजते. लोक याला कविता म्हणतात, मंत्र म्हणतात. आहे ते अगदी कामाचं हवामानपत्रक: ब्रिटनभोवतीचे ३१ सागरी विभाग, नॉर्वेच्या बाजूच्या व्हायकिंगपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत आग्नेय आइसलंडपर्यंत. शब्दमर्यादा ३५०, रात्रीच्या खेपेला थोडी जास्त. म्हणूनच ‘वारा’, ‘दृश्यमानता’ असे शब्द गाळलेले असतात आणि नवख्याला काहीच लागत नाही.

समजा असं ऐकू आलं: “डॉगर, फिशर. साउथवेस्टर्ली फोर टू सिक्स, ऑकेजनली सेव्हन लेटर. मॉडरेट ऑर रफ. शॉवर्स. गुड, ऑकेजनली पुअर.” क्रम कायम तोच असतो. आधी विभाग. मग वाऱ्याची दिशा आणि जोर. हे आकडे बोफर्ट मापनातले, आठ आला की ‘गेल’, म्हणजे ३४ ते ४० नॉट (ताशी सागरी मैल). मग लाटा: ‘मॉडरेट’ सव्वा ते अडीच मीटर, ‘रफ’ अडीच ते चार. मग पाऊसपाणी. शेवटी किती लांबचं दिसेल: ‘गुड’ म्हणजे पाच सागरी मैलांच्या पुढे, ‘पुअर’ म्हणजे दोन सागरी मैलांच्या आत.

वेळेच्या शब्दांनाही नेमके अर्थ आहेत. ‘इमिनंट’ सहा तासांत, ‘सून’ सहा ते बारा, ‘लेटर’ बारा ते चोवीस. वारा ‘व्हीअरिंग’ म्हणजे घड्याळाच्या दिशेने वळतोय, ‘बॅकिंग’ म्हणजे उलट. समोर नकाशा ठेवून एकदाच ऐका, बोट फिरवत. ‘फिट्झरॉय’ आला की थांबा: २००२पर्यंत त्या विभागाचं नाव फिनिस्टेअर होतं, मग हवामान खात्याचा पाया घालणाऱ्या रॉबर्ट फिट्झरॉय यांचं नाव दिलं गेलं. ३१ विभागांपैकी माणसाचं नाव असलेला एवढा एकच.

संध्याकाळ

सव्वासहाला ‘पिक ऑफ द वीक’: आठवड्यातल्या बोलक्या कार्यक्रमांमधले वेचे. पुढच्या रविवारी काय ऐकायचं ते इथूनच ठरवा. सातला आर्चर्सचा नवा भाग. मग मोसमाप्रमाणे ‘मोअर ऑर लेस’, ज्यात टिम हारफर्ड बातम्यांमधल्या आकड्यांची झाडाझडती घेतात. राजकारण्याने ठोकून दिलेली टक्केवारी नेमकी कुठून आली याचा माग इतक्या सहजपणे काढणारा दुसरा कार्यक्रम सापडणं कठीण. साडेआठच्या सुमाराला ‘लास्ट वर्ड’, त्या आठवड्यात गेलेल्या माणसांवर. हा कार्यक्रम रडका नाही. एखाद्या मंत्र्याच्या शेजारी गिधाडांचा अभ्यास करणारा, त्याच्या शेजारी सर्कशीतली कसरतपटू, आणि जवळची माणसं त्यांच्या खोड्याही सांगतात.

दहाला बिग बेनचे ठोके थेट मनोऱ्यातल्या मायक्रोफोनवरून ऐकू येतात आणि ‘वेस्टमिन्स्टर अवर’ सुरू होतो. संसदेत पुढच्या आठवड्यात काय शिजतंय हे ज्यांना कामासाठी हवं असतं त्यांच्यासाठीच तो आहे.

रविवार हुकला तर

रविवारच्या वेळापत्रकातला बराच भाग मुळात आठवड्यात आधी लागून गेलेला असतो किंवा पुढे पुन्हा लागतो. भाषण शुक्रवारी रात्री, बागकाम शुक्रवारी दुपारी तीनला, ‘लास्ट वर्ड’ शुक्रवारी दुपारी. त्यामुळे शुक्रवारी हाताशी वेळ असेल तर तीन कार्यक्रम उरकता येतात आणि रविवार बेट व ॲम्ब्रिजसाठी मोकळा राहतो. आर्चर्सचा आठवडा सुटला तरी मागे जाऊन सगळं भरून काढत बसू नका. पात्रं मागच्या घटना आपसात इतक्या वेळा उगाळतात की पुढच्या जोडभागात अर्ध्या तासात सगळं लक्षात येतं. पंचाईत होते ती फक्त ‘ब्रॉडकास्टिंग हाउस’ची. तो त्या सकाळचाच असतो आणि सोमवारी ऐकला तर कालच्या वर्तमानपत्रांची चर्चा ऐकल्यासारखं होतं. तो हुकला तर हुकला.